गाडीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

पत्र (थोडक्यात): "मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मे अखेर निवृत्त झालो. वय ५८. पेन्शन ४४ हजार आहे. ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण, भविष्य निर्वाह निधी असे ४६ लाख मागच्या महिन्यात हाती आले. त्यातले ८ लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून पाच वर्षांत दुप्पट होणाऱ्या योजनेत टाकले, कागद सोबत आहेत. आता २२ लाखांत टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली कॅम्पर व्हॅन घ्यावी म्हणतो. नोकरीभर हिला कुठे नेता आलं नाही. रोख घेऊ की कर्ज काढू? एरवी गाडी भाड्याने दिली तर महिन्याला वीसेक हजार सुटतील, असं गॅरेजवाला म्हणतो." (निवृत्त शिक्षक, औसा तालुका)

गुरुजी, तुम्ही विचारलं गाडीचं, पण कागद उघडले आणि गाडी बाजूलाच राहिली. म्हणून हे उत्तर तुम्हाला कालच मेसेजवर पाठवलं. इथे देतोय ते तुमच्यासारख्या इतरांसाठी.

पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मोठा करून बघा. हप्ता ८ लाख, पद्धत वार्षिक, हप्ते भरण्याचा काळ ७ वर्षे. तुम्ही ८ लाख एकदा ठेवलेले नाहीत. दर वर्षी ८ लाख, असे सात वेळा भरायचं कबूल करून सही केली आहे. आठ साते छप्पन. तुमच्याकडे सगळे मिळून ४६ आहेत. गाडीला २२ गेले की १६ उरतात, म्हणजे पुढचे दोन हप्ते, आणि मग खातं रिकामं.

ही युलिप आहे, शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी. दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात ८ टक्क्यांच्या रकान्याला कोणीतरी निळ्या पेनाने गोल केलाय. शेजारीच ४ टक्क्यांचा रकाना आहे, त्याला गोल नाही. हे दोन्ही आकडे नुसते धरून चाललेले आहेत, हमी एकाचीही नाही. आणि पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळजवळ पंधरा टक्के लागतात. तो आकडा या कागदावर कुठेही नाही, तो फक्त साहेबांच्या तोंडी होता.

पुढचा हप्ता भरला नाही तर? पैसे एका वेगळ्या फंडात जातात, तिथे किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षं पुरी होईपर्यंत हात लावता येत नाही. भरत राहिलात तर ५८ व्या वर्षी ५६ लाखांच्या विमा छत्राचा खर्च पहिल्याच वर्षी ढोबळ चाळीस-पन्नास हजार कापला जातो. हे छत्र कोणासाठी? मुलगी सासरी सुखात, मुलगा कमावता, असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या मागे वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन आहेच. शिवाय वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर गेला की युलिपच्या नफ्यावर कर लागतो, तेही साहेबांनी सांगितलेलं दिसत नाही. आयुष्यभराची पुंजी खात्यात जमा झाली की आठवड्याच्या आत चहा पाजून हे असलं गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. समोरच्या माणसाला काय हवंय हे विचारायची तसदीही घेतली जात नाही.

आता सुटकेचं. कोणतीही आयुर्विमा पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. बाँड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, पोस्टाने आल्याला १९ दिवस झाले, असं तुम्ही म्हणता. पण तीच पॉलिसी ईमेलवर आधी आली असेल, तर दिवस तिथून मोजले जाऊ शकतात. मुलाला मेल बघायला सांगा आणि सोमवारीच लातूर गाठा. बँकेत नको, विमा कंपनीच्या शाखेत जा. बँकेतले साहेब "एक वर्ष थांबा, मग बघू" म्हणतील, आणि तेवढ्यात मुदत जाईल. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा: योजना एकरकमी आहे असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात सात वर्षांचे हप्ते निघाले, पॉलिसी रद्द करून पैसे द्या. सोबत मूळ बाँड आणि रद्द केलेला चेक. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. तितक्या दिवसांचा विम्याचा खर्च, मुद्रांक शुल्क असं किरकोळ कापून बाकीचे परत येतात. बाजार मधल्या काळात हलला असेल तर थोडं कमी-जास्त. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल आहे, आणि त्याहून पुढे विमा लोकपाल.

दुसरी मुदतही धावते आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतर मिळते, पण नियत वयाने निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही चालते. मुख्य अट, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं. तुमचे दोन महिने हाती आहेत. मर्यादा ३० लाख, सध्याचा दर ८.२ टक्के. दर तिमाहीला ६१,५०० येतील, म्हणजे महिना वीस हजारांच्या वर. गाडी भाड्याने देऊन जे वीस हजार तुम्हाला हवे होते, ते औशाच्या पोस्टातून येतात, करपात्र असले तरी. आणि पत्रात आरोग्य विम्याचा शब्दही नाही. दोघांचा घ्या, याच महिन्यात, कारण आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं आणि वहिनींना साखर आहे.

आता गाडी. तुमची इच्छा मला शंभर टक्के पटते. गुडघे दुखणाऱ्या बाईला हायवेवरच्या ढाब्यामागच्या संडासात जायला लावणं काय असतं, हे मी घरी बघितलंय. कमोड आपला, भाजी-भाकरी आपल्या हातची, गोळीची वेळ आपली, आणि वाटलं तिथे थांबायचं. अंबाजोगाईला योगेश्वरी, परळी, औंढा, पुढे माहूर, असं सावकाश फिरायला याहून चांगलं साधन नाही.

पण मालकी वेगळी. २२ लाखांचं बुडालेलं व्याज १ लाख ८०, गाडीची घटणारी किंमत दीड-पावणेदोन, विमा-टायर-सर्व्हिस साठ हजार. वर्षाला चार लाख, डिझेल टाकायच्या आधी. तुम्ही वर्षात ९० दिवस फिरू म्हणता. येळवशीचा सण, नातवंडं, दवाखाना, लग्नसराई वजा करून ३० दिवस झाले तरी खूप. म्हणजे फिरण्याच्या दर दिवसाला तेरा हजार. कर्ज काढलंत तर बुडालेल्या व्याजाच्या जागी कर्जाचं व्याज.

भाड्याचं स्वप्न तर सोडूनच द्या. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही. त्याला व्यावसायिक नोंदणी, परमिट, फिटनेस लागतं. "आरटीओचं आम्ही बघतो" म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला विचारा, बदललेली बांधणी आरसी बुकावर चढवून देणार का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय असे बदल चालत नाहीत, आणि अपघातात विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

तेव्हा दिवाळीनंतर ड्रायव्हरसकट कॅरव्हॅन सहा दिवस भाड्याने घ्या. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्या देणारे वाढलेत. तीन ठिकाणी दर विचारा. साठ-सत्तर हजार गेले तरी जाऊ द्या, तेवढी तुमची ऐपत आहे. तुळजापूरला दर्शन, नळदुर्गचा किल्ला, मग वर परळी-औंढा. रात्री वहिनींना त्या अरुंद बिछान्यावर झोप लागते का, पायरी चढवते का, हे बघा. दोन वर्षं असं करूनही जीव त्यातच रमला, तर जुनी, कागदपत्रं चोख असलेली गाडी शोधायला मी स्वतः मदत करीन.

सोमवारी शिक्का पडला की त्या प्रतीचा फोटो पाठवा.