दोन वर्षं पहाटे उठतोय, देवदूत काही आला नाही

प्रश्न: आदरणीय ताई, सा. न. माझं वय २९. गायकवाडांच्या काळापासून आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजारात. बंगळूरला नोकरीला असताना मी ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चा, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन म्हणतात त्या पंथाचा बाप्तिस्मा घेतला. आई बरेच दिवस रडली, आता बोलते. दोन वर्षांपूर्वी परत आलो. तेव्हापासून रोज पहाटे चारला गच्चीवर गुडघे टेकतो, दर रविवारी निर्जळी उपास करतो. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्याकडे मोरोनी हा देवदूत आला, तसा कुणी माझ्याकडे यावा एवढंच मागतो. कुणी येत नाही. आमच्या ‘मॉर्मनचा ग्रंथ’ या धर्मग्रंथात म्हटलंय की देवदूत येणं थांबलं असेल तर ते अविश्वासामुळे. मग खोट माझ्यातच आहे का? त्यात पंथातल्या एका वडीलधाऱ्या ओळखीच्यांचा फोन आला. त्यांना स्वप्नात दूतानं सांगितलं म्हणे, की मी माझं ठरलेलं लग्न मोडावं. मुलगी आपल्या मराठी लोकांतलीच, कारेलीबागेतली. काय करू?
– एक वाचक, बडोदा

उत्तर: तुमचं पत्र वाचलं आणि आमच्या नानांची घोंगडी डोळ्यांसमोर आली. नाना दत्तभक्त. गुरुचरित्राचा सप्ताह बसला की सात रात्री त्या काळ्या घोंगडीवर जमिनीवर निजायचे, डाव्या कुशीवर, उशाला पोथी. सातव्या रात्री दृष्टान्त होतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. आठव्या दिवशी सकाळी आई चहा पुढे ठेवायची आणि हळूच विचारायची, “काही दिसलं?” नाना मान हलवायचे. पुढच्या सप्ताहात ते एक भाकरी कमी खायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. दृष्टान्त झाला नाही याचं दुःख होतंच. पण ‘मीच कुठे चुकतो’ हे त्यांनी मनाशी धरलं, त्यानं ते खंगले. तुम्ही त्याच वाटेवर निघाला आहात, म्हणून इतकं कळकळीनं लिहिते आहे.

मी तुमच्या पंथाची नाही. पण याच शहरात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवण्यात माझा जन्म गेला आणि तुमचे ग्रंथ मी आदरानं वाचले आहेत. ज्या ओळीनं तुमची झोप उडवली ती त्या ग्रंथातल्या ‘मोरोनी’ या भागाच्या सातव्या अध्यायातली आहे. त्याच अध्यायात, तिच्या थोडं आधी, देवदूतांचं काम काय ते सांगितलंय. ते निवडलेल्या मोजक्या माणसांना देवाचं वचन सांगतात, ती माणसं साक्ष देतात, आणि ती ऐकून बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा. हे ‘बाकीचे’ म्हणजे तुम्ही. ही कमी प्रतीची जागा नाही. ग्रंथानंच ती आखून दिली आहे.

आणि दहावा अध्याय. ज्याची तुम्ही गच्चीवर वाट पाहता तो मोरोनी आणि या अध्यायांचा लेखक मोरोनी तुमच्या श्रद्धेप्रमाणे एकच. निरोप घेताना वाचकाला तो काय देऊ करतो? खऱ्या मनानं, ख्रिस्तावर विश्वास ठेवून देवाला विचारा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यानं तुम्हाला सत्य कळेल. ‘मी येईन’ असं तो म्हणत नाही. जे वचन दिलेलंच नाही, ते पुरं झालं नाही म्हणून स्वतःला दोषी कसं धरता?

वचन कसं पुरं होतं हेही लिहिलेलं आहे. १८२९ च्या एप्रिलमध्ये जोसेफ स्मिथचा लेखनिक ऑलिव्हर काउडरी याला, ज्या सोनेरी पत्र्यांवर तुमचा ग्रंथ कोरलेला होता असं तुम्ही मानता त्यांचं स्वतः भाषांतर करायचं होतं, ते जमेना. त्याला देवाचं उत्तर मिळालं ते असं: तू नुसतं मागितलंस, विचार केला नाहीस. आधी मनात नीट अभ्यास कर, मग हे बरोबर आहे का ते विचार. बरोबर असेल तर छातीत ऊब दाटेल, नसेल तर मन बधिर होईल. त्याच महिन्यात त्याला आणखी एक आठवण करून दिली होती: एका रात्री तू कळवळून हाक मारलीस तेव्हा तुझ्या मनाला मी शांती दिली नव्हती का? त्याहून मोठी साक्ष कोणती हवी? बाप्तिस्म्याचा निर्णय घेतला त्या रात्री तुम्हाला कसं वाटलं होतं, ते एकदा आठवून पाहा. पत्रात त्याबद्दल एक अक्षरही नाही.

बरं, देवदूत दिसला म्हणजे विश्वास पक्का होतो का? तुमच्या ग्रंथातल्या लामान आणि लेमुएल या भावांना दिसला. तो जाताक्षणी दोघांची कुरकुर पुन्हा सुरू. काउडरीनं १८२९ च्या जूनमध्ये देवदूत आणि सोनेरी पत्रे पाहिल्याची साक्ष दिली, ती कधी नाकारली नाही, तरी १८३८ मध्ये त्याला मंडळीतून काढावं लागलं. दहा वर्षांनी तो परत आला. खुद्द जोसेफ स्मिथ? २१ सप्टेंबर १८२३ च्या रात्री मोरोनी तीनदा आला, तोच निरोप सांगून गेला, आणि कोंबडा आरवला. सतरा वर्षांचा तो मुलगा सकाळी वडिलांबरोबर शेतावर गेला, अंगात त्राण नाही. पत्रे हातात पडले १८२७ च्या सप्टेंबरात. मधली चार वर्षं तो दर वर्षी ते पत्रे पुरलेल्या टेकडीवर जाई आणि रिकाम्या हातानं परत येई.

आपल्या नामदेवांचं घ्या. विठ्ठल त्यांच्या हातचं जेवला, त्यांच्याशी बोलला. तरी गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेक डोकं वाजवलं, तेव्हा कच्चं मडकं ठरले नामदेवच. रागावून विठ्ठलाकडे गेले, तर त्यानंही त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलं. रोज दर्शन होणाऱ्याचंही कच्चेपण दर्शनानं गेलं नव्हतं.

आता त्या फोनचं. इथे मला राग आला, आणि तो लपवत नाही. १८३० मध्ये हायरम पेज नावाचा माणूस एका दगडातून मंडळीसाठी प्रकटीकरणं मिळतात असं सांगू लागला, काउडरीसुद्धा भुलला. तेव्हा काउडरीला आज्ञा झाली की पेजला एकट्याला गाठ आणि सांग, तू लिहिलंस ते देवाकडचं नाही. तुमच्या पंथाची रीत स्पष्ट आहे: ज्याच्यावर जी जबाबदारी, तिच्यापुरतंच त्याला प्रकटीकरण. तुमचं लग्न त्या गृहस्थांच्या जबाबदारीत येत नाही. त्यांना चारचौघांत बोलू नका, एकट्यांना फोन करा आणि नम्रपणे सांगा, “काका, हे मी स्वतः प्रार्थना करून ठरवीन.” मुलीला मात्र सगळं सांगा. बाप्तिस्मा, पहाट, हा फोनही. तिच्या आईवडिलांच्या आधी तिला.

आणि उपास. तुमच्याकडे तो महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, दोन जेवणांपुरता असतो, आणि वाचलेले पैसे गरजूंना देतात. तुम्ही तो दर रविवारी करताय, बडोद्याच्या मे महिन्यातही. हे कुणी सांगितलं तुम्हाला? येत्या रविवारी आईच्या हातचं जेवा. तिनं काही विचारलं तर मान हलवून गप्प बसू नका, तिच्याशी बोला.