जीपीएस सिग्नल गेला की मोबाइल टॉवर लगेच बंद पडतो का?

नाही, लगेच नाही. टॉवर आपली वेळ जीपीएसवरून जुळवतो, पण त्याच्या उपकरणात स्वतःचं क्वार्ट्झ घड्याळही असतं. सिग्नल गेला की ते शेवटच्या जुळणीवरून वेळ पुढे नेत राहतं. मात्र टीडीडी पद्धतीत, म्हणजे ५जीच्या बऱ्याच पट्ट्यांत, पाठवणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं, त्यामुळे प्रत्येक टॉवरची वेळ प्रमाणवेळेच्या ±१.५ मायक्रोसेकंदांत असावी लागते. समजा घड्याळ दिवसाला २ मायक्रोसेकंद सरकतंय, तर अठराव्या तासाला मर्यादा संपली! पुढे हा टॉवर बोलतो तेव्हा शेजारचा अजून ऐकत असतो आणि त्रास शेजाऱ्याच्या ग्राहकांना होतो, म्हणून अशा वेळी प्रसारण थांबवलेलंच बरं.

जीपीएसऐवजी इंटरनेटवरून वेळ जुळवणारं एनटीपी इथे कामाचं नाही, त्याची अचूकता साधारण मिलिसेकंदांची. फायबरवरून पीटीपी, म्हणजे नेटवर्कमधून जास्त अचूक वेळ पोचवणारी पद्धत, चालतं, पण ते जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं धरतं, म्हणून जाणारी तार परतीच्या तारेपेक्षा २०० मीटर लांब असली तरी वेळ अर्धा मायक्रोसेकंद चुकते.

हे सगळं टीडीडीपुरतं. साध्या एफडीडी टॉवरवर पाठवणं आणि ऐकणं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर चालतं, त्याला फक्त फ्रिक्वेन्सी नीट लागते, तो जीपीएसशिवाय बराच काळ तग धरतो.