खासगी नोकरी 45 व्या वर्षी सोडली तर ईपीएफओची (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची) पेन्शन किती धरून चालावी?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबर 2004 पासून पीएफ कापला जातोय, पगार पहिल्यापासून पीएफच्या मर्यादेच्या (पेन्शनसाठी जास्तीत जास्त जितका पगार धरतात त्याच्या) वर होता आणि ऑगस्ट 2026 अखेर राजीनामा द्यायचा आहे. या आकड्यांवर 58 व्या वर्षी महिना सुमारे 3500 रुपये बसतात. हो, साडेतीन हजारच. पीएफचे कागद हाताळणं हेच माझं काम आहे आणि हा आकडा ऐकून माणसं आधी गप्पच होतात.

सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. तुमचा खरा पगार लाखात असला तरी इथे 15,000 च धरतात. ही मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची. त्याआधी ती 6500 होती आणि जुनी वर्षं जुन्याच मर्यादेने मोजतात. म्हणजे पहिल्या 10 वर्षांचे 929 आणि पुढच्या 12 वर्षांचे 2571. सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर 2022 च्या निकालानंतर तुम्ही वाढीव पेन्शनचा, म्हणजे मर्यादेऐवजी खऱ्या पगारावरच्या पेन्शनचा, पर्याय भरला असेल आणि तो मंजूर झाला असेल, तर हा हिशेब सोडून द्या, तुमचा वेगळा लागेल.

पासबुकातला पेन्शनचा रकाना बघून अंदाज बांधू नका. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1250 रुपये, तिकडे जातात. त्यावर तुमच्या नावाने व्याज चढत नाही आणि सूत्र त्या बेरजेकडे पाहतही नाही. पाहायची ती सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे कुठे किती वर्षं सेवा झाली त्याची ईपीएफओकडची नोंद. मधल्या एखाद्या नोकरीनंतर फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढले असतील तर ती वर्षं गेली. बिनपगारी रजेचे दिवसही वजा होतात.

आता लवकर निवृत्तीचा खरा फटका. तुम्ही 45 ला थांबलात की आकडा तिथेच गोठतो. पेन्शन सुरू व्हायला 13 वर्षं, आणि सुरू झाल्यावरही महागाई भत्ता नाही. महागाई 6 टक्के धरली तर 2039 चे 3500 म्हणजे आजचे जेमतेम 1650. निवृत्तीच्या हिशेबाच्या तुमच्या एक्सेल शीटमध्ये हाच आकडा घाला, आणि त्यापुढे दरवर्षी तो झिजत जाऊ द्या. 50 व्या वर्षापासून पेन्शन घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांसाठी दरसाल 4 टक्के कपात. 50 लाच घेतलीत तर चौथ्या हिश्शाहून जास्त कायमचं जातं. हातात दुसरे पैसे असतील तर मी थांबेन. उलट 60 पर्यंत थांबलात तर दरसाल 4 टक्के वाढही मिळते.

58 ला पेन्शन घेताना सेवा 20 वर्षांची असेल तर 2 वर्षं जादा धरण्याची तरतूद आहे. मी ती हिशेबात घेतलेली नाही. मर्यादा वाढणार, किमान पेन्शन वाढणार या बातम्याही घेतलेल्या नाहीत. किमान पेन्शन 2014 पासून 1000 रुपयांवर आहे. ती 7500 करा म्हणून बुलढाण्यात निवृत्तांचं साखळी उपोषण वर्षानुवर्षं चाललं. आणि मर्यादा उद्या वाढली तरी तुम्ही आधीच बाहेर पडलेले असाल, मागच्या वर्षांना ती लागत नाही.

मग ही पेन्शन कशाला धरायची? मुख्यतः जोडीदारासाठी. तुमच्या पश्चात त्यांना कुटुंब पेन्शन मिळते, तुम्ही 58 चे होण्याआधी गेलात तरीही. सेवा 10 वर्षांच्या वर असल्याने पैसे काढता येणार नाहीतच. राजीनाम्यानंतर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे तुमची सेवा आणि कुटुंबाची नोंद असलेला ईपीएफओचा दाखला, मागून घ्या. त्यावर कुटुंबाची नावं आणि जन्मतारखा आधारप्रमाणे आहेत का, हे कंपनीचा एचआर फोन उचलतोय तोवरच तपासा.