गाणं सुरू झालं की निवेदकानं थांबावं

प्रश्न: आमचे आज्जा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. टीव्हीवर एखाद्या गायकावरचा माहितीपट लागला की हौसेनं समोर बसतात. पण गवयानं सूर लावला न लावला, तोच निवेदक बोलायला लागतो आणि आज्जा चिडून टीव्ही बंद करतात. घरातले म्हणतात, माहिती मिळते ती ऐकावी की. कोणाचं खरं? शिवाय मला मोबाइलवर आज्जांचाच एक माहितीपट करायचा आहे. काय सांभाळू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: आज्जांचंच खरं. जन्मसाल, गुरू, पुरस्कार हे सगळं छापील कागदावरही मिळतं. गाणं कागदावर मिळत नाही, आणि तेच अर्ध्या मिनिटात गुंडाळलं तर तो माहितीपट गायकाचा कशाला म्हणायचा?

चित्रकाराच्या बाबतीत निवेदन खपून जातं, कारण चित्र आपल्यासाठी थांबतं. सत्यजित राय यांनी 1972 साली आपले शिक्षक बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर 'द इनर आय' हा जेमतेम वीस मिनिटांचा माहितीपट केला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर बिनोदबाबूंची दृष्टी गेली होती. माहितीपटात निवेदन राय स्वतःच करतात, तरी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातलं संतांचं भित्तिचित्र आपल्याला डोळे भरून बघता येतं. पुढे, दिसत नसतानाही काम करत असलेले बिनोदबाबू दिसतात. त्यांच्या अंधत्वावर हळहळ व्यक्त करत बसण्यापेक्षा त्यांचं काम दाखवणं रायना महत्त्वाचं वाटलं, म्हणून तो माहितीपट मला फार मोलाचा वाटतो.

गाण्याचं तसं नाही, ते पुढे निघून जातं. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व घ्या. ऐन तारुण्यात क्षयानं गाठलं, कोरड्या हवेसाठी ते माळव्यातल्या देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंदच राहिलं. त्या अंथरुणावर माळव्याची लोकगीतं कानावर पडत होती. ही हकिगत प्रत्येक कार्यक्रमात सांगतात आणि सांगायलाच हवी. पण आजारानंतरच्या त्यांच्या गाण्यात दोन स्वराकृतींच्या मधे जी शांतता असते, तीही गाणंच आहे. संकलकाला मात्र ती मोकळी जागा वाटते. तिथेच कात्री लागते, नाहीतर निवेदन भरलं जातं. आज्जा चिडतात ते इथेच, आणि त्यांनी चिडावंच.

लेखकावर करायचं तर आणखी कठीण. एकसंब्यात जन्मलेले, धारवाडला इंग्रजी शिकवत राहिलेले जी. ए. कुलकर्णी लोकांपासून दूरच राहिले. अशा माणसाचं काय दाखवणार? रिकामी खुर्ची आणि चष्मा दाखवून काही साधत नाही. त्यापेक्षा त्यांच्या कथेतला एक सबंध उतारा चांगल्या आवाजात, मागे कसलंही संगीत न लावता वाचावा.

आता तुमच्या आज्जांकडे येऊ. एक अख्खं भजन चित्रित करा: 'जय जय रामकृष्णहरी'च्या गजरापासून भैरवीपर्यंत, मधे न थांबवता. फोन तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवा. तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन गौळणीत कुणाचा तरी फोन येईल. पंखा बंद करा. त्याची घरघर पेटीच्या सुराखाली कायमची बसते. टाळकऱ्यांच्या अगदी जवळ फोन ठेवू नका, टाळ बाकी सगळं गिळून टाकतात. एकदा फक्त हात घ्या. भात्यावरचा डावा हात कुणी बघत नाही, पण अभंगाच्या चालीबरोबर तो कसा दाब बदलतो ते शिकणाऱ्याला तिथेच कळेल.

मुलाखत वेगळ्या दिवशी घ्या, पेटी समोर ठेवूनच. 'तुम्हाला कसं वाटतं' असं विचारू नका. 'ही चाल कुणाकडून आली, तेव्हा कशी म्हणत होते, वाजवून दाखवा' असं विचारा. बोलता बोलता ते कन्नडात शिरले तर शिरू द्या, एखादं दासर पद, म्हणजे कन्नड हरिदासांचं भक्तिगीत, म्हणाले तर तेही पूर्ण घ्या. आपल्याकडच्या मंडळांचं गाणं असंच दोन्हीकडून आलेलं आहे. त्यांची बोली पुस्तकी करून घ्याल तर आज्जा आखडतील आणि मग हातही आखडेल.

प्रत्येक चित्रफितीला तारीख, गाव आणि साथीदारांची नावं त्याच रात्री लिहून ठेवा. एक प्रत फोनबाहेर दुसरीकडे ठेवा. निवेदन घालायचंच असेल तर सुरुवातीला दोन वाक्यं, तीही तुमच्याच आवाजात. आणि जोडून झालं की पहिल्यांदा आज्जांना दाखवा. ते जिथे टीव्ही बंद करायला हात पुढे करतील, तो भाग काढून टाका.