साथीत प्रवासाचा हक्क आणि हॉटेलचा अ‍ॅडव्हान्स

कोरोनासारखी साथ पुन्हा आली तर कोल्हापुरातून बाहेर पडण्याचा हक्क उरतो का आणि हॉटेलला भरलेला अ‍ॅडव्हान्स बुडतो का, हा तुमचा प्रश्न. हक्क आकसतो, पण पैसे बुडालेच असं समजू नका.

देशभर फिरण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये आहे आणि जनहितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालायची मुभाही तिथंच आहे. ते निर्बंध 1897 च्या साथरोग कायद्याखाली आणि 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली येतात. वेशीवर झाडं आडवी टाकून रस्ता अडवायचा अधिकार मात्र गावकऱ्यांना आपोआप मिळत नाही. प्रशासनाचा लेखी आदेश मागा.

कागल ओलांडून कोगनोळी नाक्यावर गेलात की नियम कर्नाटकाचे. 2021 मध्ये तिथं 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट मागत होते. रिपोर्टवर दोन वेळा असतात, स्वॅब घेतल्याची आणि रिपोर्ट दिल्याची. पहिलीच धरून चला. शुक्रवारी सकाळी 10 ला स्वॅब दिला असेल, तर रिपोर्ट शनिवारी रात्री मिळाला तरी मुदत सोमवारी सकाळी 10 लाच संपते.

हॉटेलवाल्यानं "मुंबईहून आलाय, खोली नाही" म्हटलं तर? घटनेचं कलम 15(2) धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान एवढ्याच कारणांवरून हॉटेलात मज्जाव करू देत नाही. राहण्याचं ठिकाण त्या यादीत नाही. ही उणीव मला फार खटकते.

आता पैसे. सरकारी आदेशानं हॉटेलच बंद झालं, तर करार कायद्याच्या कलम 56 आणि 65 च्या आधारे अ‍ॅडव्हान्स परत मागता येतो. हॉटेल चालू असताना तुम्ही भीतीपोटी बुकिंग रद्द केलंत, तर बुकिंगच्या अटी लागू होतात. म्हणून आदेश निघण्याआधी घाईनं 'कॅन्सल' दाबू नका, लोक नेमके तिथंच फसतात. हॉटेल चालू, पण तुमचा प्रवास बंद, अशा वेळी वाद होणारच. तारीख पुढं ढकलून घेणं बरं. पैशांऐवजी व्हाउचर पुढं केलं तर नको म्हणून लेखी कळवा.

आदेशाची प्रत, पावती आणि मेसेज जपून ठेवा. 15 दिवसांची मुदत देऊन ईमेल करा. दाद नाही मिळाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. हॉटेल गोव्यात असलं तरी कोल्हापुरात राहत असाल तर इथंच दावा चालतो. हॉटेलला मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. दावा दाखल करायची मुदत 2 वर्षांची आहे.