चेट अ‍ॅटकिन्स ऐकायला सुरुवात कुठल्या अल्बमपासून करावी?

या अमेरिकन कंट्री गिटारवादकाचा १९५६ चा ‘फिंगर-स्टाइल गिटार’ लावा. गाणारं कुणी नाही, नुसती गिटार. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला साथीला वादक आहेत; दुसऱ्या बाजूला चेट एकटा, आणि खरी गंमत तिथेच. अंगठा जाड तारांवर ठेका धरून ठेवतो, बाकीची बोटं वर चाल वाजवतात. पहिल्यांदा ऐकताना दोघं जण वाजवतायत असंच वाटतं. ही युक्ती त्याने रेडिओवर मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाला ऐकून उचलली. ट्रॅव्हिस अंगठा आणि एकच बोट वापरायचा; रेडिओवर ते दिसणार कसं? चेट आपला जास्त बोटं लावून बसला! यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार ब्राम्सचा वॉल्ट्झसुद्धा (तीन ठेक्यांचं नृत्यसंगीत) आहे, त्यामुळे निव्वळ कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाचं संगीत, हवं असेल तर थोडा हिरमोड होईल.