फोटोची वेळ मुलांच्या झोपेवरून ठरवावी

ताई, थोरला चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची, सोबत आजी-आजोबा, आणि फोटोग्राफरने डिसेंबरमधील रविवारी सकाळी अकराची वेळ दिलेली. अशा स्थितीत मुलांची तयारी कशी करावी, आणि बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती (जुने जैन मंदिर) बरी की जवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड हा डोंगरी किल्ला, असे आपण विचारले आहे. माझ्या दोन मुलांचे असे फोटो आम्ही तीनदा काढून घेतले. पहिली खेप पूर्ण वाया गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम अकराची वेळ बदलून घ्यावी. त्या वेळी ऊन वर चढलेले असते, डोळ्यांखाली सावल्या पडतात, मुले डोळे बारीक करतात, आणि दीड वर्षाचे मूल तासाभरात झोपेला येते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेचार ते साडेपाच हा तिरप्या, मऊ उन्हाचा तास मिळतो, आणि धाकटी दुपारी एक ते तीन झोपत असेल तर ती उठून, खाऊन, खुशीत आलेली असते. मे महिन्यात हीच सोय साधत नाही, कारण तेव्हा सूर्यास्त सातच्या जवळ जातो आणि चांगला उजेड नेमका मुलांच्या जेवणाच्या वेळेवर येतो. फोटोग्राफरला दुपारनंतर दुसरे काम असेल तर तारीख पुढे ढकलावी, पण मुलाची झोप मोडू नये. आमच्या पहिल्या खेपेस मुलीला झोपेतून उठवून गाडीत घातले आणि तिने पोहोचताच जे भोकाड पसरले ते घरी येईपर्यंत. शिवाय हे उसाचे दिवस आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या मागे गाडी अडकली की वीस मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागतो, तेव्हा तेवढी सवड ठेवूनच निघावे.

जागेविषयी माझे मत कमल बस्तीच्या बाजूने आहे, तेही मुलांच्या सोयीसाठी. राजहंसगडावरून दृश्य फार सुरेख दिसते, परंतु वर वारा भणाणतो, केस आणि पदर आवरण्यातच वेळ जातो, आणि दीड वर्षाचे मूल तटाजवळ असताना कोणाही आईच्या चेहऱ्यावर निवांत हसू येत नाही. खाली येळ्ळूरची भातशेती डिसेंबरपर्यंत बहुतेक कापून झालेली असते, त्यामुळे हिरव्या पार्श्वभूमीची आशा धरू नये. बस्ती गावातच आहे, आजी-आजोबांना चढ नाही, आणि १२०४ साली बांधलेल्या त्या मंदिराचा दगड संध्याकाळच्या उजेडात फार शोभून दिसतो. मात्र ते पूजेचे स्थान आणि संरक्षित स्मारक असल्याने चपला बाहेर काढाव्या लागतात, मुलांना आत धावू देता येत नाही, आणि फोटोग्राफर स्टँड आणणार असेल तर परवानगीची चौकशी त्याने आधीच करावी. किल्ल्याच्या परिसराचा काही भाग व कॅम्प, म्हणजे छावणीचा भाग, लष्कराच्या हद्दीत आहे. त्या भागात कॅमेरा काढू नये.

आता खरी तयारी. थोरला अनोळखी माणसासमोर हसत नाही, म्हणून त्याला घरी सराव द्यावा का, असे आपण म्हणता. हसण्याचा सराव मुळीच देऊ नये. ‘हस बघू’ असे दहा वेळा ऐकलेले मूल दात दाखवते, हसत नाही, आणि तो ओढलेला चेहरा मग कायमचा भिंतीवर टांगावा लागतो. सराव द्यायचाच असेल तर अनोळखीपणा घालवण्याचा द्यावा. शक्य असल्यास आधीच्या आठवड्यात फोटोग्राफरला चहाला बोलवावे, त्याचा कॅमेरा मुलाच्या हातात (पट्टा गळ्यात अडकवून) द्यावा, आणि मुलालाच त्याचा एक फोटो काढू द्यावा. दुसऱ्या खेपेस आम्ही एवढेच केले होते, आणि मुलगा त्या दिवशी ‘काका आले’ म्हणून स्वतःहून पुढे धावला. आदल्या रविवारी संध्याकाळी बस्तीच्या आवारात एक फेरी मारून आणल्यास जागाही ओळखीची होते. प्रत्यक्ष फोटोच्या वेळी सूचना एकानेच द्याव्यात; आजी, आजोबा, मावशी सगळे एकदम कॅमेऱ्यामागून टाळ्या वाजवू लागले की मूल प्रत्येक फोटोत वेगळ्याच दिशेला पाहते. त्याला ‘उभा राहा’ म्हणण्यापेक्षा आजोबांच्या कानात गुपित सांगायला लावावे, म्हणजे दोघांचेही चेहरे आपोआप उजळतात.

कपडे नवे असले तरी त्या दिवशी प्रथमच घालू नयेत. खणाचा परकर-पोलका फार गोड दिसतो, पण आतून सुती अस्तर नसेल तर जरीचा काठ मानेला टोचतो आणि मूल सारखे खाजवत राहते, म्हणून तो दोन दिवस आधी तासभर घालून खेळू द्यावे. आजींनी शहापुरी साडी नेसली तर मुलांच्या कपड्यांना त्याच काठातील एक रंग घ्यावा. सर्वांनी एकाच रंगाचे कपडे घातले की लग्नातील वाजंत्री वाटतात. सूर्य मावळताच गारठा पडतो, तेव्हा स्वेटर गाडीत हवेतच.

खाण्याचे थोडक्यात सांगतो: निघण्याआधी पोटभर मऊ भात, सोबत थोरल्यासाठी चिरमुरे आणि धाकटीसाठी केळे. कुंदा (आपली दुधाची मिठाई) फोटो संपेपर्यंत डब्यातच राहू द्यावा, कारण चिकट बोटे सर्वप्रथम आईच्या पदराला लागतात.

पोहोचल्यावर सर्व कुटुंबाचा एकत्र फोटो पहिल्या दहा मिनिटांत उरकावा, कारण मुलांचा धीर तेव्हाच शाबूत असतो. मग आजी-आजोबांसोबतचे घेऊन त्यांना सावलीत बसवावे. मुलांचे एकेकटे फोटो शेवटी बाहेरच्या मोकळ्या जागेत घ्यावेत आणि तेव्हा त्यांना मनसोक्त धावू द्यावे. लाल मातीने कपडे माखले तरी हरकत नाही, फक्त एकेक जोड जास्तीचा पिशवीत असावा.